तांब्या आणि कोरडे तोंड

जळगाव, मंगळवार, सायंकाळ

सिद्ध करायचे ते हे: वजन घटवण्याच्या इंजेक्शनाने तोंड कोरडे पडते, परंतु ते सोडून देण्यास एवढे कारण पुरेसे नाही. दुपारपर्यंत माझे मत उलट होते. वजन उतरल्याशिवाय गुडघ्याची शस्त्रक्रिया होणार नाही, हे ठाऊक असूनही उद्याचे इंजेक्शन टाळण्याचे ठरवले होते. डॉक्टरांनी घोट घोट पाणी प्यायला सांगितले होते. मी दिवसाला पाच तांबे पितो, तरी जीभ टाळूला चिकटलेली. मग उपायच खोटा, नाही का?

दुपारी नरडाण्याहून थोरली बहीण, अक्का, आली. तिच्यासमोर मी तांब्या उंच धरून, ओठ न लावता, वरून पाणी प्यायलो. लहानपणी तिनेच तसे शिकवले होते. ती हसत सुटली. “नाना, तुनं पानी सरळ घसामा जास, तोंडले ते भेटतच नही! इतलं तर्कशास्त्र शिकाडं लोकेस्ले, पन पानी पेवाले नही शिकना!”

तेव्हापासून तांब्या बाजूला ठेवून पेल्याने घोट घेतो आहे. क्षणभर तोंडात धरून गिळतो. कोरड गेली नाही, पण अक्काशी वाद घालण्याइतकी जीभ सुटली.

उद्या इंजेक्शन घेईन.

चूक मान्य: पाणी प्यायले म्हणजे तोंड ओले झाले, हे मी न तपासता गृहीत धरले.

सही,
नाना