लाफाएलेदाजींच्या निरोपाचं भाषण

प्रिय सिनेवाताई,

समुद्रावर कलणाऱ्या उन्हापासून सुरुवात करणार होतो. शाळेत कविता शिकवण्यात जन्म गेला, सवय जात नाही. पण आज शब्दांमागे लपायचं नाही.

दाजींच्या अंत्यविधीच्या दिवशी माहेरच्या आहेराच्या चटया तुझ्या अंगणात मांडल्या आणि घराण्याचा वक्ता म्हणून काठी टेकवून मी उभा राहिलो. दाजींसाठी ओळी जुळवल्या होत्या: वाऱ्यावर एकटा तरंगणारा समुद्रपक्षी, किनारा विसरलेली होडी. तेवढ्यात मागं जेवणाच्या भट्टीवर झाकलेली पानं उचलली गेली. तो वास आला, आणि पक्षी उडाला, होडी बुडाली. मी दाजींच्या हातच्या पालुसामीबद्दल बोलू लागलो. अळूची कोवळी पानं ते कशी निवडत, नारळाचा दाट रस कसा ओतत, पुडी कशी बांधत. थांबताच येईना. समोरच्या, दाजींकडच्या वक्त्यानं टोमणा मारला, “अहो मास्तर, निरोप देताय की पंगत बसवताय?” सगळे हसले. तू उठून आत गेलीस.

बहिणीचा मान जपायचा, हे आपल्याकडे पोराला चालता येण्याआधी शिकवतात. सगळ्या सामोआत शोधून माझ्यासारखा भाऊ सापडायचा नाही.

साखरेपायी दाजींचं खाणं तोडलं, तेव्हापासून ते खाण्याविषयीच बोलत. “सिनेवा, तुझ्या आईच्या हातचा मासा आठवतो का गं?” तू माश्या वारत ऐकायचीस. मीच एकदा चारचौघांत म्हणालो होतो, “दाजी, पोटापलीकडं काही आहे की नाही?” म्हणून तुला वाटलं असेल, मेल्यावरही यानं थट्टाच केली.

थट्टा नव्हती गं. भूक होती. पोट भरलं तरी ही भूक डोक्यातून उठत नाही. प्रार्थनेत मी डोळे मिटतो आणि नीरफणस भाजत बसतो. पुस्तक उघडावं, तर कवितेतली चंद्रकोर पपईच्या फोडीसारखी दिसते. जे ताटातून काढलं, ते मनात वाढलेलंच असतं.

डॉक्टरांनी माझंही खाणं तोडलंय, ताई. दाजींचाच आजार. त्यांच्या दुखण्यात तुला आणखी घोर नको, म्हणून लपवलं. आता लपवावं, तर तू मला निर्दय समजत राहशील. सांगावं, तर पुन्हा काळजीत पडशील. शेवटी सांगायचंच ठरवलं. रविवारी चर्चनंतर येऊ का? उकडलेला मासा आणि पाला, एवढंच वाढ. मी खाण्याविषयी बोलायला लागेनच. दाजींना बोलू द्यायचीस, तसं थोडा वेळ मलाही बोलू दे.

तुझाच, मान खाली घातलेला भाऊ,
एतेउआती