छातीवरचा भोवरा

आबा,

काल पाणीगेट दरवाजाशी टांग्याचं एक तट्टू उभं होतं. थंडी सरत आली की होतं तसंच त्याचं झालेलं. अंगावरचे दाट केस निम्मे गळलेले, निम्मे तसेच, पाठ कसर लागलेल्या घोंगडीसारखी. मी हात लावून पाहिलं तर मूठभर केस हातात आले. सूनबाईला माझी लाज वाटली असावी. "आई, लोकं बघतात ने," असं हळूच म्हणाली. मी हात झटकले, पण घरी येईपर्यंत नाकात पागेचा वास होता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझं तुमच्याशी एक भांडण शिल्लक आहे. तुम्ही होतात तेव्हा ते मांडायची हिंमत नव्हती. आता घरातले सगळे जेवून आडवे झाले आहेत, आणि मला अडवायला तुम्हीही नाही.

तुम्ही महाराजांच्या पागेवर जमादार होतात आणि वाड्यातल्या लहान मंडळींच्या सवारीसाठी तट्टं तयार करायचं काम तुमच्याकडे होतं. त्या वर्षी दिवाळीनंतर उत्तरेकडच्या एका व्यापाऱ्याकडून तुम्ही एक डोंगरी तट्टू पसंत केलंत. अंगानं बुटकं, डोळ्यांनी शहाणं आणि केस मात्र अस्वलाचे. पागेतली माणसं तोंडावर हात ठेवून हसली. तुम्ही म्हणालात, "केसांच्या खाली बघा." शिवरात्र झाली की ते खानगीकडच्या, म्हणजे वाड्याचा कारभार बघणाऱ्या साहेबांपुढे उभं करायचं होतं. पसंत पडलं तर मुलांच्या सवारीला जाणार, नापसंत झालं तर ओझी वाहायला. आणि नेमकं तेव्हाच बडोद्याचं ऊन तापू लागलं आणि तट्टाच्या अंगावरून केसांचे पुंजके सुटायला लागले. दाखवायच्या वेळी ते भिकाऱ्यासारखं दिसणार, अशी सगळ्यांची खात्री होती. तुम्ही पसंत केलेलं जनावर म्हणून माझा जीव खालीवर होत होता.

आपलं घर पागेच्या मागंच, त्यामुळे शाळा सुटली की मी तिथंच. तुम्ही मला कामाला लावायचात. आधी लोखंडी खरारा, गोल गोल, पुठ्ठ्यावर जोर आणि पोटाशी हलका हात. मग ओल्या गवताचा बोळा करून थापटायचं. शेवटी नुसता तळहात, केसांच्या वळणानं, अंगावर ऊब येईपर्यंत. एकदा मला फार घाई झाली आणि मी लोंबणारे केस चिमटीनं उपटायला लागले. तुम्ही माझी वेणी धरलीत, ओढली नाहीत, नुसती धरलीत. म्हणालात, "ओढू? सुटायचा असेल तो केस आपणहोऊन सुटतो. उपटलास तर खाली डाग राहतो." घरी चुलीवर मोठ्या पातेल्यात त्याच्यासाठी जवस शिजत असायचं. केसांना चकाकी त्यानंच येते म्हणून. घरभर तो चिकट वास, आणि आईची तक्रार: "या घरात आधी घोडा जेवतो, मग माणसं. उद्या भाकरीतही केस सापडतील." सापडले की नाही ते आठवत नाही, पण ती बोलायची थांबली नाही आणि पातेलं ढवळायचीही थांबली नाही.

इथं मला माझ्या कानाचं सांगायला हवं. तुम्हाला काय सांगायचं म्हणा! लहानपणी कान फुटून माझा डावा कान गेला तो गेलाच. घराबाहेर कुणाला त्याची कुणकुण नव्हती. खरारा करताना तुम्ही नेहमी माझ्या उजव्या हाताला उभे राहायचात. बोलून कधी दाखवलं नाहीत, पण जागा कधी चुकली नाही. मला वाटायचं, माझं हे गुपित आबांच्या हाती आहे म्हणजे ते सुखरूप आहे.

छातीवरचे केस सगळ्यांत शेवटी गळले. ते गळले तेव्हा खाली भोवरा निघाला. पुढच्या दोन पायांच्या वर, अगदी मधोमध, केस गरगर फिरलेले. छातीवर भोवरा असलेलं जनावर धन्याला लाभत नाही, हे पागेतलं लहान पोरही मानत असे. व्यापाऱ्यानं ते ऐन थंडीत का विकलं, ते आता कळलं. तुमच्या हाताखालचा म्हातारा मोतद्दार इकडेतिकडे बघून म्हणाला, "साहेब, जरा गुंदरनुं पाणी लगाडी दऊं? वाळ चोंटी जशे. कोण जोवानुं छे?" डिंकाच्या पाण्यानं केस चिकटवून टाकू, कोण बघायला बसलंय, असं त्याचं म्हणणं. मलाही ते एकदम पटलं. तुम्ही भोवऱ्यावर बोट ठेवलंत. मग म्हणालात, "याला बोलता येत नाही. याच्याबद्दल आपणच बोलायचं, तर खरं बोलायचं."

दाखवायच्या सकाळी तट्टू असं चमकत होतं की हसणारेच पुढे येऊन हात फिरवत होते. मी भिंतीआडून बघते आहे. साहेब येतात, त्याच्याभोवती एक फेरी मारतात, आणि ते काही बोलायच्या आत तुम्ही म्हणता, "साहेब, छातीवर भोवरा आहे. आधी तो बघून घ्या." साहेब वाकतात, बघतात आणि हसतात. "जमादार, अहो, हे आता कोण मानतं? पाय दाखवा याचे." दात पाहिले, पाय पाहिले, चालवून पाहिलं, आणि तट्टू पसंत झालं. त्या दिवशी तुम्ही गरम जिलबी घेऊन घरी आलात. खरं बोलून काही बिघडत नाही, असं तुम्ही आईला पुन्हा पुन्हा सांगत होतात, आणि तुमचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला पाहायला आले. बडोद्याचंच स्थळ, मुलगा कचेरीत, मुलाचे वडील सुधारक म्हणून नावाजलेले. आईनं सगळं योजून मला भिंतीशी बसवलं, डावा कान भिंतीकडे आणि मंडळी उजवीकडे. त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं, मी वाचलं. विचारलं त्याची उत्तरं दिली. मुलाची आई माझ्या आईशी तिथीच्या गोष्टी करायला लागली. आणि तुम्ही घसा साफ केलात. "एक सांगायचं राहिलं. हिला डाव्या कानानं ऐकू येत नाही." उजव्या कानानं मी ते अगदी स्वच्छ ऐकलं. पोह्यांच्या बश्या तशाच राहिल्या. सुधारकांनी उपरणं सारखं केलं आणि "कळवतो" म्हणाले. कळवलं काहीच नाही. तट्टाची खोड खपली, आबा, माझी नाही खपली.

त्या संध्याकाळी आई रडत म्हणाली, "ती काय तट्टू आहे का?" तुम्ही म्हणालात, "तट्टाचं सांगितलं आणि मुलीचं लपवू?" आणि पागेत निघून गेलात. माझ्याशी कुणीच बोललं नाही. महिनाभरात सगळ्या आळीला माझा कान ठाऊक झाला. बायका मुद्दाम माझ्या डाव्या बाजूला उभ्या राहून हळू बोलून पाहायच्या. कितीतरी दिवस दारात कुणी फिरकलं नाही, आणि मी तुमच्या पागेत पुन्हा पाऊल टाकलं नाही. तुम्हीही बोलावलं नाहीत.

पुढचं तुम्ही पाहिलंतच. यांच्या घरचे आले ते कानाचं ऐकूनच आले. हे आत आले आणि कुणी काही सांगायच्या आत माझ्या उजवीकडे येऊन बसले. अजूनही बागेत फिरायला गेलो की हे त्याच बाजूनं चालतात. माझं चांगलं झालं. चारचौघांत मी सांगते की आमच्या आबांनी खरं सांगितलं म्हणून मला असं माणूस मिळालं. लोक माना डोलावतात, आणि ते खोटंही नाही.

पण तट्टाला बोलता येत नव्हतं, आबा. मला येत होतं, आणि मी समोरच बसले होते. कान माझा होता. सांगू का, एवढं तरी विचारायचं होतंत. आज सूनबाईला किंवा यांना हे बोलून दाखवलं तर म्हणतील, आता काय त्याचं, संसार झाला, नातवंडं झाली. म्हणून कुणाला सांगत नाही, आणि हा कागदही चुलीत जाईल. त्या मुलाचा तर मला चेहरासुद्धा आठवत नाही. ते स्थळ मला नकोच होतं. तुम्ही कधीच, कुणासाठीच खोटं बोलला नाहीत. माझ्यासाठी एकदा बोलायला हवं होतंत, असं मला अजून वाटतं.