सतरा नंबरची थाळी

सोमवार, ४ मार्च
नोकरीचा पहिला दिवस, आणि मी हवेत! प्रयोगशाळा लहान, पण लखलखीत. माझ्या वरिष्ठांना सगळे ताईच म्हणतात. त्यांनी सगळं समजावलं. कॉम्प्युटर जिवाणूंच्या जनुकांत बारीक बदल सुचवतो, आम्ही तसे जिवाणू वाढवतो, आणि ज्यांचे आकडे चांगले त्यांनाच तो पुढच्या पिढीचे आईबाप करतो. जिवाणू गुलाबी. आमची खास साखर मिळाली तरच त्यांचं जगण्याचं जनुक चालू होतं; साखर बंद केली की मेलेच पाहिजेत. म्हणून प्रत्येकाची एक उपाशी, म्हणजे बिनसाखरेची, थाळी मोजायची. तिच्यावर एकही ठिपका नको. दुपारी ताईंनी डब्यातलं अर्धं माझ्यापुढे सरकवलं. म्हणाल्या, लाजलीस तर तूही उपाशीच राहशील.

शुक्रवार, ८ मार्च
सांगायलाही लाज वाटते. सतरा नंबरची उपाशी थाळी मोजण्याआधीच हातातून निसटून फुटली. आठवड्यातला दुसरा धांदरटपणा. कोणत्या तोंडाने सांगणार? फुटक्या काचांच्या डब्यात तुकडे दिसले असते, म्हणून ते साध्या कचऱ्याच्या पिशवीत खुपसले आणि वहीत शून्य लिहिलं. इतर सगळ्यांवर शून्यच होतं. पिशवी बांधताना ताईंच्या बोटात काच घुसली. कसली, म्हणून त्यांनी विचारलं. कोऱ्या नळीची, मी म्हणाले.

मंगळवार, १२ मार्च
सतराची वाढ सर्वांत जलद, त्यात माझं शून्य. कॉम्प्युटरने अख्खी नवी पिढी त्याच्यापासूनच काढली. प्रयोगशाळेच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. ताईंचं बोट सुजलंय. नखाखाली गुलाबी. त्या हसल्या, फुकटात नेलपॉलिश लागलं म्हणे. मीही हसले. शी!

गुरुवार, १४ मार्च
ताई दवाखान्यात. गुलाबी मनगटापर्यंत. तुमचे जिवाणू अंगात जगतात का, असं डॉक्टरांनी फोनवर विचारलं. साहेबांनी वही उघडून शून्य वाचून दाखवलं. माझं अक्षर. मी शेजारीच उभी होते. आता डॉक्टर भलतंच काहीतरी शोधताहेत.

शुक्रवार, १५ मार्च
नव्या पिढीच्या उपाशी थाळ्या काढल्या. सगळ्या गुलाबी, काठोकाठ. साखरेचा कण नाही, तरी जिवंत. खोलीत मी एकटीच. पेन उचललं आणि — शून्य लिहिलं. सगळ्यांपुढे. खरं लिहिलं असतं, तर सतराचं विचारलं असतं.

शनिवार, १६ मार्च
ताईंच्या लेकीचा फोन. कोपरापर्यंत चढलंय. आई म्हणते, तुमच्या नोंदी डोळे मिटून खऱ्या धराव्यात —
जेवले नाही.

रविवार, १७ मार्च
खांद्यापर्यंत. दुपारी हात कापणार. नेमका जिवाणू कळला तर औषध आहे, असं डॉक्टर म्हणाले — लेक रडत सांगत होती. मी म्हणाले, काळजी घ्या. ठेवला फोन. काळजी घ्या! जीभ झडली कशी नाही माझी —

पुन्हा लावला. तिने उचलला. बोला ना, म्हणाली. ठेवला.

बारा वाजले. इथे लिहून काढते, म्हणजे तिला नुसतं वाचून दाखवता येईल. सतरा नंबरची थाळी मी मोजलीच नव्हती, ती मी —

नको. साहेबांनी ही डायरी पाहिली तर — आधी हे पान