सँ-जाँगूचा उतार

क्लुनी,
२७ सप्टेंबर, रविवार सकाळ

प्रिय सोलांज,

तुझं ऑगस्टातलं पत्र वेळेवर मिळालं होतं. उत्तराला महिना लागला, रागवू नकोस. किंवा रागव, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच.

तब्येत कशी आहे? लिओंचा उकाडा ओसरला असेल. माझे गुडघे बरे आहेत, मांजरीचे नाहीत. ती आता खिडकीत उडी मारत नाही, खाली बसून माझ्याकडे बघते आणि मी तिला उचलून ठेवते. यंदा एप्रिलच्या हिवाने कळ्या जाळल्या, त्यामुळे द्राक्षं कमी आली. जी आली ती गोड निघाली. तोडणी पंधरवड्यापूर्वीच उरकली. जिव्रीत सगळीकडे आंबूस वास भरून राहिलाय आणि चर्चच्या घंटेपेक्षा ट्रॅक्टरचाच आवाज जास्त ऐकू येतो.

मी क्लुनीहून लिहितेय, हे वर वाचलंसच. काल सायकलने आले. एकटी.

तुला आधी कळवलं नाही. बावीस वर्षं आपण दोघी दर सप्टेंबरला सायकलने जिव्रीहून क्लुनीला निघायचो. तू आदल्या दिवशी माझ्याकडे मुक्कामाला यायचीस आणि पहाटे माझ्या आधी उठून माझ्याच सायकलला तेल घालायचीस. तू पडलीस त्यानंतर ही तीन वर्षं मी सायकलला हात लावला नाही. लोकांना वाटलं, मैत्रिणीवाचून हिला जाववत नाही. मीही तसंच वाटू दिलं.

काल हवा छान होती. रेल्वेचे जुने रूळ काढून केलेल्या आपल्या हिरव्या सायकलवाटेवर गर्दी नव्हती. मुलांना सायकलमागे जोडलेल्या गाडीत बसवून एक डच जोडपं चाललं होतं, आणि ब्युसीच्या पुढे एक म्हातारा वाटेच्या मधोमध अक्रोड वेचत बसला होता, कुणी घंटी वाजवली तरी उठायचा नाही. मी वळसा घालून गेले. जुन्या स्टेशनात जिनेतचं कॅफे अजून चालू आहे. खुर्च्या नव्या, कॉफी तीच करपलेली.

"आज एकटीच?" जिनेत म्हणाली. "दुसरी कुठाय?"

"लिओंला असते आता. मुलाजवळ."

"अगं हो, तिला चक्कर येते, नाही का? बिचारी."

तुला कुणी तोंडावर बिचारी म्हटलं असतं, तर तू त्याच्या कपात मीठ घातलं असतंस. मी मात्र मान हलवली, कॉफी संपवली आणि निघाले.

सँ-जाँगूला आल्यावर वाट सोडून चढावर वळले. आल्बेरिकच्या वाइनच्या तळघराकडे जायचं नाही असं घरून ठरवून निघाले होते. तरी गेले. तो दारातच बाटल्या धूत बसला होता. पाठ आणखी वाकलीय, जीभ होती तशीच.

"ओदील! जिवंत आहेस होय?"

"आहे. थोडी ओत."

"थोडी कसली? तीन वर्षांची राहिलीय." त्याने पांढरी ओतली, पुढ्यात बकरीच्या चीजचा तुकडा ठेवला. "आणि आमच्या कप्तानबाई? रुसल्या की काय?"

"तिला आता सायकल जमत नाही. तोल जातो."

"कुणाचा? सोलांजचा?" तो एवढ्या जोरात हसला की त्याला ठसका लागला. "अगं बाई, तोडणीच्या दिवसांत ती त्या शिडीच्या टोकावर उभी राहायची. दोन्ही हातांत टोपल्या, आणि वरून मला शिव्या. तिचा तोल जात असेल तर मी उद्या पोप होतो."

"वय झालं, आल्बेरिक."

"वय माझं झालं. तिचं काय झालं ते मला माहीत नाही, पण काहीतरी आडवं आलं असणार. तू मागेच होतीस ना? तुला काय दिसलं?"

"काही नाही," मी म्हणाले.

त्याला संशय आला असं नाही. फक्त माझा पेला भरून तो बाटल्यांकडे वळला. मी तो पेला तसाच ठेवून उठले. सायकल हातात धरून, चालत, उतार उतरले. दगडी कुंपण जिथे वळतं तिथे थांबले. तुला ती जागा आठवत नाही हे मला माहीत आहे. त्या दिवशीचं दुपारनंतरचं काहीच तुला आठवत नाही. तू मला दवाखान्यात विचारलंस, "ओदील, मी पडले कशी गं?" आणि मी म्हणाले, तोल गेला.

आता खरं सांगते.

आडवं काही आलं नव्हतं, सोलांज. मी आले होते.

त्या दुपारी आल्बेरिककडे पाच-सहा जण होते. माकोंहून आलेले कुणी पाहुणे होते, त्यांना तू आपल्या सहलीच्या गोष्टी सांगत होतीस. सगळे हसत होते. एकाने विचारलं, तुम्ही दोघी बरोबरीने चालवता का? तू म्हणालीस, "छे! मी पुढे असते. ओदीलची काळजी नको, ती मागून येतेच." त्यात वाईट काही नव्हतं. तू ते प्रेमानेच म्हणालीस आणि ते खरंही होतं. पण मी तीन पेले घेतले होते आणि ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. शाळेत तू पुढे, नाचाला तू पुढे, लग्न तुझं आधी, नवरा गेल्यावर सावरलीसही तूच आधी. मनात आलं, आज हा एक उतार तरी मी आधी उतरणार.

तू ब्रेक धरून सावकाश चालली होतीस. मी घंटी वाजवली नाही. वळणावर आतल्या बाजूने घुसले. जागा नव्हती. माझ्या कॅरियरची पिशवी तुझ्या हँडलला अडकली, मला मागून हिसका बसला आणि मी सावरले. तुझं चाक मात्र सरळ कुंपणाकडे वळलं. तुझ्या तोंडून शब्दही निघाला नाही. फक्त दगडाचा आवाज आला.

अग्निशामक दलाची माणसं रुग्णवाहिका घेऊन वीस मिनिटांत आली. एका तरुण बाईच्या हातात कागद होता. ती म्हणाली, "बाई, कशा पडल्या या?" मी म्हणाले, "अचानक तोल गेला. मी मागे होते." तिने तसंच लिहून घेतलं. मला वाटलं, तू शुद्धीवर आलीस की सांगेन, आपण दोघी भांडू, तू माझ्याशी चार महिने बोलणार नाहीस आणि मग विषय संपेल. पण तू शुद्धीवर आलीस आणि तुला काहीच आठवेना. तुझा रेजिस लिओंहून रात्रीच गाडी चालवत आला होता. त्याने विचारलं, "मावशी, तिला चक्कर आली होती का?" त्याचे डोळे लाल झाले होते. मी म्हणाले, "तसंच वाटलं मला."

एवढंच. दोन वाक्यं. त्यानंतर मला नवं काही खोटं बोलावंच लागलं नाही, कारण त्या कागदाने पुढचं सगळं केलं. अचानक तोल गेला म्हणून तुझे कान तपासले, डोकं तपासलं, गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी तुला खरोखर गरगरायला लागलं. मग गाडी चालवणं बंद झालं. मग रेजिस म्हणाला, आई, कोर्मातँच्या त्या दोन मजली घरात तू एकटी राहू नकोस. घर विकलं तेव्हा सामान बांधायला मीच आले होते. तुझे तांब्याचे टोप मी माझ्या हाताने वर्तमानपत्रात गुंडाळले. तू जिन्यावर बसून म्हणालीस, "बरं झालं तू तरी आहेस." मी त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी टोप गुंडाळत राहिले.

काल तुझ्या घरावरून आले. खिडक्यांना निळा रंग दिलाय. दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत होते. मी थांबले नाही.

पोलिसांची भीती होती का? पहिले काही दिवस होती. नंतर ती भीती गेली आणि दुसरी बसली. तू दुरावलीस तर माझं कोण उरतं, ही. म्हणून तुला धरून ठेवण्यासाठी मी गप्प राहिले, आणि तू हळूहळू संपत चाललीस ते दर पत्रात वाचत राहिले. ऑगस्टच्या पत्रात तू लिहिलंस की आता दोन पायऱ्या उतरतानाही भिंत धरावी लागते, स्वतःच्या अंगाचा भरवसा राहिला नाही, आणि रेजिसने नोव्हेंबरपासून वृद्धाश्रमात खोली बघितली आहे. ते पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. मग महिनाभर तुला लिहायला बसायची आणि हवापाण्यावर दोन ओळी लिहून कागद फाडायची. शेवटी वाटलं, आधी त्या जागी जाऊन उभी राहते. तिथून पुढे आल्यावर तरी लिहिता येईल.

तुझ्या अंगाने तुला कधी दगा दिला नाही. दगा मी दिला. हे तुझ्या डॉक्टरला दाखव, रेजिसला वाचून दाखव, पुरावा लागला तर खाली मी सही केली आहे. तुझं घर मला परत देता येणार नाही. माफी मागायचीही मला लाज वाटते, कारण ती मागितली की तू काहीतरी द्यावंस असं होतं. तू मला काहीही देणं लागत नाहीस. फक्त त्या खोलीत जाऊ नकोस.

खाली न्याहारीची भांडी वाजताहेत. हे पाकीट मी इथल्याच पेटीत टाकणार आहे. घरी नेलं तर पुन्हा फाडेन.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क गमावलेली,
ओदील


लिओं,
१९ ऑक्टोबर

ओदील,

प्रिय लिहायला घेतलं होतं, हात वळला नाही.

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा काही कळलं नाही. दुसऱ्यांदा मी इतकी संतापले की तुझे सगळे फोटो भिंतीवरून काढून भांडी धुण्याच्या मोरीत टाकले. तिसऱ्यांदा रेजिसला वाचून दाखवलं. तो तुला फोन करणार होता. मी म्हटलं, खबरदार, ती माझी मैत्रीण आहे, तिच्यावर ओरडायचं असेल तर मी ओरडेन. मैत्रीण हा शब्द सवयीने आला. त्याचा अर्थ लावत बसू नकोस.

डॉक्टरांनी पत्र वाचून चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. दोन गोळ्या लगेच कमी केल्या, एक हळूहळू बंद करायची आहे. आठ दिवसांत डोक्यातलं धुकं विरायला लागलं. वृद्धाश्रमातल्या त्या खोलीला नकार कळवला. परवा सोन नदीच्या काठावर अर्ध्या तासासाठी सायकल भाड्याने घेतली. रेजिस मागे पळत होता, ओरडत होता, "आई, हळू!" मी पडले नाही. मग बाकावर बसून खूप रडले. माझ्या घरासाठी रडले, तुझ्यासाठी नाही. जिना तिसऱ्या पायरीवर करकरायचा. तो आवाज आता दुसऱ्या कुणाची तरी मुलं ऐकतात.

तू पुढे जायला निघाली होतीस, याचा मला राग नाही. सांगितलं असतंस तर मी बाजूला झाले असते. खरं म्हणजे झाले नसते, पण भांडलो तरी असतो. राग आहे तो तीन वर्षांचा. मी भिंतीला धरून न्हाणीत जात होते आणि तू मला नाताळला गरम मोजे पाठवत होतीस.

माफ केलं असं लिहिणार नाही. खोटं लिहिण्यावर आपण दोघींनी आता जरा आवर घालावा.

मे महिन्यात मी जिव्री ते क्लुनी करणार आहे. एकटी. ती वाट तुझ्या गल्लीच्या तोंडाशीच सुरू होते, त्याला माझा इलाज नाही. त्या सकाळी तुझं दार वाजवीन की सरळ पुढे निघून जाईन, ते मला आज माहीत नाही. माझी वाट बघत बसू नकोस. पण त्या आठवड्यात गावाबाहेरही जाऊ नकोस.

सोलांज