वरच्या खोलीचा ताबा

४ फेब्रुवारी
एकदाची घरमालकीण झाले. मावशीने घर कधीच माझ्या नावावर केलं होतं, पण नोकरीतून सुटका होईपर्यंत इथे येऊन राहायला सवड कुणाला होती? खाली माझ्या दोन खोल्या, वर एक खोली आणि गच्ची. वर शिंपीकाका राहतात, मावशीच्या काळापासूनचे भाडेकरू. दुपारभर त्यांचं मशीन माझ्या डोक्यावर टकटकत असतं. धाकटा भाऊ वकील आहे. तो म्हणाला, ताई, भाडेकरू म्हणजे नाजूक प्रकरण, जे घडेल ते तेव्हाच्या तेव्हा लिहून ठेव, कोर्टात उपयोगी पडतं. म्हणून ही वही. अक्षर नीट काढतेय, न्यायाधीशांसमोर शोभा नको.

९ फेब्रुवारी
काकांच्या मोरीचं पाणी माझ्या ओट्यावर ठिबकतं. तावातावाने भांडायला गेले आणि चहा पिऊन आले. माणूस गोड आहे, हीच तर पंचाईत. लेकीला तिच्या घरमालकाने महिनाअखेर खोली सोडायला सांगितलीय, ती तान्ह्या बाळाला घेऊन जाणार कुठे, हे त्यांना सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, पण या वयात मी तरी कुठे जाऊ म्हणाले. भाऊ म्हणतो, रीतसर कोर्टात जायचं, वर्षं लागली तरी. पाणी तोडायचं नाही, वीज तोडायची नाही, आणि त्यांच्या दाराला आपलं कुलूप तर मुळीच लावायचं नाही, तो गुन्हा आहे. सख्खा भाऊ असला तरी वकिलाची घाबरवायची खोड जात नाही.

१८ फेब्रुवारी
छातीत दुखतंय म्हणून काका दवाखान्यात दाखल झाले. आज त्यांच्या दाराला मी माझं कुलूप लावलं. त्यांच्या सामानाला हात लावलेला नाही. परत आले की तुमच्या पुतण्याकडे जा म्हणून सांगेन. माझी लेक रस्त्यावर यायची वेळ आलीय आणि माझंच घर मला मिळू नये?

२१ फेब्रुवारी
काका परत आले तेव्हा मी बाजारात होते. शेजारीण म्हणाली, बराच वेळ दार ठोठावत होते, कुलपाशी खटपट करत होते, मग जिन्यातच टेकले. ती पाणी घेऊन गेली तोवर सगळं संपलं होतं. मला फार रडू आलं. भावाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, आता ते कुलूप काढूही नकोस, पंचांसमोर उघडू, नाहीतर सगळं तुझ्यावर शेकेल.

२४ फेब्रुवारी
दुपारी मशीन सुरू झालं. आधी म्हटलं, उंदीर असतील. पण उंदीर पायडल मारत नाहीत. वर गेले. कुलूप जसंच्या तसं. मी दाराशी पोचले तशी टकटक थांबली आणि आत खुर्ची सरकली.

२६ फेब्रुवारी
ओट्यावर पुन्हा पाणी. वरचं पाणी मीच गच्चीवरून बंद केलं होतं. भाऊ म्हणतो, मनाचे खेळ आहेत. शेजारणीलाही मशीन ऐकू येतं. आमच्या बाजूची खिडकी तिने लावून घेतलीय.

२७ फेब्रुवारी
लेकीला येऊ नकोस सांगायचं होतं, काका गेल्याचंही तिला अजून कळवलं नव्हतं. फोन लागत नाही. जावई म्हणाले, घरमालकाने सामान बाहेर काढलं, ती बाळाला घेऊन निघालीसुद्धा —

२८ फेब्रुवारी
मी नाक्यावर वाट बघत उभी होते. ती मागच्या गल्लीने आली. मग तिचाच फोन. म्हणाली, आई, तू आहेस कुठे, आम्ही वर बसलोय. काकांनीच दार उघडलं, किती मायाळू आहेत —

धावत आले. बाहेर माझं कुलूप तसंच. आत बाळ रडतंय.

कुलूप निघालं. दार उघडत नाही. आतून कडी —

भाऊ पोलिसांना घेऊन निघालाय. म्हणाला, एकेक गोष्ट लिहीत राहा. जिन्यात बसून लिहितेय, हात थांबत नाही —

कडी काढ म्हटलं. लेक म्हणते, आई, इतकं ठोठावू नकोस. काका म्हणतात, त्यांनीही असंच ठोठावलं होतं —

मशीन सुरू झालं. बाळ गप्प झालं. लेकीला हाक मारतेय, ती आता ओ दे