सात जणांचे चाळीस कप

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (लिहितोय बसूनच, पण तू मला आडवा पडलेला समज.) गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नको म्हटलंय, म्हणजे तू दिवसातून दोनदाच गच्चीवर जात असशील. मी बरा आहे. वजन वाढलंय, अक्कल आहे तेवढीच.

बाबांनी मला इथे धंदा शिकायला पाठवलं, पण कॉलेज इतकं चिमुकलं की धंदा शिकणारे आम्ही सातच. एकाने दांडी मारली तरी वर्ग ओस दिसतो आणि सर थेट खोलीवर येतात. (एकदा माझ्या पलंगावर बसून त्यांनी अख्खा तास घेतला. मी पांघरुणात होतो.) त्यात नियम असा की धंदेवाल्यांनीही एक कलेचा विषय घ्यायचाच, आणि त्यात नापास झालं की वर्ष गेलं. आम्ही सगळ्यांनी मातीकाम घेतलं, कारण त्यात लिहावं लागत नाही.

मॅडम म्हणाल्या, प्रत्येकाने एक कप करायचा, सहा आठवडे आहेत. आता तूच सांग, एका कपाला सहा आठवडे? सरांनी आदल्याच दिवशी शिकवलं होतं की कामं वाटून घेतली की माल भराभर निघतो. मी तेच केलं. उंट्याने (आमच्यातला सगळ्यात लांब) माती मळायची, दोघांनी बुडं थापायची, दोघांनी भिंती उभ्या करायच्या, एकाने कान जोडायचे आणि मी देखरेख. (कोणीतरी करायलाच हवी ना.) दुपारपर्यंत चाळीस कप ओळीने मांडले. मला वाटलं, मॅडम पाठ थोपटतील.

त्यांनी चष्मा पुसला, ओळीवरून एक फेरी मारली आणि शांतपणे विचारलं, "यातला तुझा कोणता?"

"सगळेच आमचे, मॅडम."

"तुझा विचारतेय."

आत्या, खरं सांगायचं तर चाळिसांतल्या एकालाही मी बोट लावलं नव्हतं. उंट्या मागून म्हणाला, "याने फक्त शिट्टी वाजवली, मॅडम."

मॅडमनी चाळीसच्या चाळीस कच्चे कप पाण्याच्या पिंपात सोडले. तासाभरात चिखल. मग म्हणाल्या, आता ज्याचा त्याने, एकट्याने. पाच आठवडे मी रोज चिखलात बसतोय. पहिला कप कलंडला, दुसऱ्याचा कान गळून पडला, तिसरा बघून मॅडमनी विचारलं की हे जनावर कोणतं. चौथा मात्र भट्टीतून जिवंत बाहेर आला. जाडजूड आहे, एका बाजूला मान टाकून बसतो. बाजारात याला कुणी हात लावणार नाही, एवढा धंदा मला आता कळतो. तरी मी तो उशाशी ठेवून झोपतो. हे कुणाला सांगू नकोस.

तुझा लाडका (असा माझा समज) भाचा

ता. क. येत्या शनिवारी परीक्षा आहे. प्रत्येकाने घरचं एक माणूस आणून त्याला आपल्या कपातून चहा द्यायचा. कप मॅडमसमोर रिकामा झाला की पास. बाबांना कळवू नकोस, ते कप बघतील आणि मला उचलून थेट दुकानात बसवतील. तूच ये. वर्ग तळमजल्यावर आहे.

ता. क. २ कप बुडाशी जरासा गळतो. गरम असला तरी चहा भराभर पी. तशी तू नाही प्यायलीस तरी तीन मिनिटांत तो आपोआप रिकामा होतो, फक्त मांडीवर. गडद रंगाचे कपडे घालून ये.