टाकीकडे जखडलेली दुर्बीण एका संध्याकाळपुरती आकाशाकडे वळवून मिळणेबाबत

प्रति,
मा. संचालक,
सार्वजनिक वेधशाळा,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

मार्फत : कोणाच्याही नाही. ज्यांच्या मार्फत यायला हवा, हा अर्ज त्यांच्याविरुद्धच आहे.

विषय : वेधशाळेची मोठी दुर्बीण समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बोल्ट मारून पक्की केली असल्याने ती निदान एका निरभ्र संध्याकाळी सोडवून खरा शनी दाखवणेबाबत.

संदर्भ : १) कार्यक्रम अधिकारी यांचे परिपत्रक, विषय ‘एकही अभ्यागत निराश परत जाता कामा नये’.
२) त्यांचेच परिपत्रक, विषय ‘पाल’.
३) अर्जदाराचा बिल्ला जमा करून घेणारी नोटीस.

महोदय,

१. सविनय सादर की, अर्जदार धंद्याने शिंपी असून दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून आपल्या वेधशाळेत स्वयंसेवक होता. ‘होता’ हा शब्द अर्जदाराने सुखाने लिहिलेला नाही, त्याचा खुलासा पुढे येईलच. त्याच्याकडे दुर्बिणीजवळच्या स्टुलाचे काम होते. म्हणजे रांगेतल्या माणसाला स्टुलावर चढवायचे, नळीला हात लावू नका, काचेवर श्वास सोडू नका, एक डोळा मिटला नाही तर हाताने झाका, एवढे सांगायचे, आणि पाहून झाले की हाताला धरून उतरवायचे. काम हलके आहे. पण स्टुलावरून उतरणाऱ्याचा चेहरा सगळ्यांत आधी स्टूलवाल्याला दिसतो. त्या लोभापायी अर्जदाराने गुडघेदुखी अंगावर काढली.

२. आकाश हे सरकारी खाते नसल्याने ते दर वेळी उघडे असतेच असे नाही. ढग आले की आमची जुनी रीत अशी होती की दार लावायचे नाही. पाहुण्यांना पायऱ्यांवर बसवायचे. दुर्बीण चालवणाऱ्या गणिताच्या बाई (ह्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि त्यांचा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो) ग्रहताऱ्यांच्या गोष्टी सांगायच्या, मध्येच त्या दमल्या की अर्जदार एखादे भजन म्हणायचा, आणि सगळे मान वर करून वाट पाहायचे. कधी ढगाला एवढीशी भेग पडे, बाई ‘उठा’ म्हणत आणि अख्खी पायरी दुर्बिणीकडे धावे. कधी भेग पडत नसे. तेव्हा लोक म्हणत, आज त्याची इच्छा नाही, पुढच्या खेपेला येऊ. आणि येतही. ज्याने आकाश मांडले त्याला ते झाकण्याचाही अधिकार आहे, हे पायरीवरच्या अडाण्यालाही मान्य होते.

३. ते नव्या कार्यक्रम अधिकारी साहेबांना मान्य झाले नाही. साहेबांनी संदर्भ क्र. १ काढले आणि समोरच्या पाण्याच्या टाकीवर शनीचा भला मोठा फ्लेक्स लावला, मागून दिवे सोडले. ढग असले की दुर्बीण खाली वाकवायची आणि टाकीवरचा शनी दाखवायचा. अर्जदाराला वाटले की हे शाळेच्या सहलींसाठी, नुसते ओळख करून देण्यापुरते आहे, म्हणून त्याने फ्लेक्सची कड हौसेने दुमडून शिवून दिली. शिलाई अजून शाबूत आहे. त्या टाकीवर तेवढीच गोष्ट खरी आहे.

४. आपल्या दुर्बिणीतून सगळे उलटे दिसते, हे आपणांस सांगणे म्हणजे माशाला पोहायला शिकवणे. पण ते साहेबांना कोणी सांगितले नव्हते. पहिल्याच संध्याकाळी एका गृहस्थांनी विचारले की शनीच्या डोक्यावर उलटा फोन नंबर का आहे. तो फ्लेक्स छापणाऱ्याचा होता. साहेबांनी दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उलटा टांगला. आता नंबर शनीच्या पायाशी सुलटा आणि स्वच्छ वाचता येऊ लागला, आणि दोघांनी त्यावर फोन करून शनीचे भाडे विचारले. मग त्यावर काळे फडके लावण्यात आले. रस्त्यावरून जाणाऱ्याला उलटा शनी, दुर्बिणीतून पाहणाऱ्याला सुलटा शनी, आणि मध्ये आम्ही स्वयंसेवक, ज्यांना कुठे पाहावे ते कळेना.

५. खरी पंचाईत आकाश मोकळे झाल्यावर झाली. या हंगामात शनीचे कडे आपल्याला काठाकडून दिसते आहे. काही वर्षांनी असे होतेच. मण्यातून आरपार सुई घालावी तशी एक बारीक रेघ, बस. अर्जदाराच्या मते इतके नाजूक काम जगात दुसरे नाही. पण फ्लेक्सवरचे कडे टोपीच्या काठासारखे रुंद आणि वर भगवट रंगाचे. ढगात येऊन गेलेले लोक निरभ्र संध्याकाळी पुन्हा आले आणि तक्रार वहीत लिहून गेले की मागच्या वेळी कडे चांगले रुंद होते, दुर्बीण बिघडली आहे, लक्ष द्यावे.

साहेबांनी लक्ष दिले. खरा शनी खोट्यापुढे फिका पडतो, तर खऱ्यावर उपाय केला. दर्जात एकसारखेपणा राहावा म्हणून निरभ्र संध्याकाळीही टाकीवरचाच शनी दाखवण्याचा हुकूम निघाला. कोणाला मोह होऊ नये म्हणून दुर्बीण टाकीच्या दिशेला धरून बोल्ट मारण्यात आले, आणि घुमटाची फट बंद केली, कारण टाकी दिसायला खिडकी पुरते. महोदय, गाय बांधलेली पाहिली आहे, वेडा बांधलेला ऐकला आहे. दुर्बीण बांधलेली आपल्याच वेधशाळेत आहे. गणिताच्या बाई नंतर अर्जदाराला एवढेच म्हणाल्या की फळ्यावरची चूक डस्टरने पुसता येते, टाकीवरची कशाने पुसू.

६. आता संदर्भ क्र. २. दिव्याला किडे येतात, किड्यांना पाल येते, हा सृष्टीचा नियम असून पालीला कोणतेही परिपत्रक मिळालेले नव्हते. ती रोज अंधार पडता पडता शनीवरून फिरे. दुर्बिणीतून ती मगरीएवढी दिसे. जमीन मोजणीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी ती चष्मा काढून, अंधुक पाहिली आणि शनीभोवती हलणारा नवा गोल शोधून काढल्याचे साहेबांना कळवले. साहेबांनी काकांचा शाल देऊन सत्कार केला. मग पालीविषयी परिपत्रक निघाले : शनीवर हलणारी वस्तू दिसल्यास ती उपग्रह असल्याचे स्वयंसेवकांनी सांगावे, आणि ती वस्तू थांबल्यास ‘ग्रहण’ सांगावे.

दुसऱ्या संध्याकाळी रांगेतल्या एका माणसाने स्टुलावरून अर्जदाराला विचारले की हे काय आहे, आणि अर्जदाराच्या तोंडून गेले, ‘पाल आहे.’ रांग हसली. साहेब मागेच उभे होते. त्यांनी अर्जदाराला बाजूला घेऊन जे सांगितले ते शब्दशः देत आहे, कारण अर्जदाराने इतक्या वर्षांत ऐकलेल्या कुठल्याही निरूपणात याच्या तोडीचा युक्तिवाद नाही. साहेब म्हणाले, ‘पाल असली तरी ती शनीवरच आहे ना?’

यानंतर अभ्यागतांच्या आनंदात व्यत्यय आणल्याबद्दल संदर्भ क्र. ३ बजावून बिल्ला मागण्यात आला. तो सोबत जोडला आहे. पिन वाकडी झाली होती, ती अर्जदाराने सरळ करून दिली आहे.

७. महोदय, एवढ्यावर अर्जदाराने अर्ज केला नसता. बिल्ला गेला, गेला. बिल्ल्याने कोणाला मोक्ष मिळाल्याचे ऐकिवात नाही. अर्ज अर्जदाराच्या थोरल्या बहिणीपायी आहे, जिला यापुढे ‘अक्का’ असे म्हटले आहे, कारण अर्जदाराला दुसरे काही म्हणता येत नाही.

आई गेल्यावर अक्कानेच अर्जदाराला वाढवले. दुकान नवे असताना ती मागे बसून अर्जदारासाठी सुया ओवून ठेवत असे, न बघता, बोलता बोलता. आता तिच्या डोळ्यांचा मागचा पडदा विरत चालला आहे. डॉक्टरांनी सांगितले की ऑपरेशनने भागणार नाही आणि पुढच्या हंगामापर्यंत तिला उजेड-अंधार एवढाच फरक कळेल. जे पाहायचे ते पाहून घ्या, म्हणाले. अक्काने यादी वगैरे काही केली नाही. म्हणाली, ‘तू स्टुलावर चढवून अख्ख्या गावाला दाखवतोस, ते मला दाखव.’

तिला घेऊन यायचे ठरले त्या दिवशी अर्जदार तापाने पडला. शेजारीण तिला घेऊन गेली. बोल्ट त्याच दुपारी मारले गेले होते, हे शेजारणीने परत आल्यावर अर्जदाराला हळूच सांगितले. गणिताच्या बाईंनी अक्काला हाताने चढवले, दाखवले, उतरवले. घरी आल्यावर अक्का पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, पाहिला हो, फार छान आहे. अर्जदाराचा ताप उतरला होता तो पुन्हा चढला. तिला सांगावे तर तिचे सुख जाते, न सांगावे तर ती टाकीवरच्या फ्लेक्सची आठवण घेऊन अंधारात जाते. अर्जदार ‘हो, छानच आहे’ म्हणाला. देव माणसाला अशा वेळी जी बुद्धी देतो ती उशिराच देतो.

८. बिल्ला मागितल्याची नोटीस आली त्या रात्री जेवताना अक्काने कारण विचारले. अर्जदाराला सांगावे लागले. पालीपर्यंत आल्यावर ती हसू लागली, ती काही केल्या थांबेना. म्हणाली, ‘अरे, मी बघत होते तेव्हाच ती शनी ओलांडून गेली. डोळे अधू झालेत, अक्कल नाही.’ मग इतके दिवस छान आहे म्हणून का सांगत होतीस, असे अर्जदाराने विचारले. त्यावर तिने सांगितले की बाई इतक्या जीव ओतून समजावत होत्या की त्यांना खाली मान घालायला लावणे तिच्या जिवावर आले. आणि अर्जदार तापात होता. त्याला तरी कशाला.

म्हणजे घरातली दोन माणसे एकमेकांना जपण्यासाठी एका फ्लेक्सची स्तुती करत बसली होती. एकही अभ्यागत निराश परत जाऊ नये हे साहेबांचे ध्येय अशा रीतीने अर्जदाराच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचले, हे नमूद करणे न्यायाचे ठरेल.

अर्जदाराने तिला समजावले की खरा शनी यंदा फार बारीक दिसतो, कडे नुसती रेघ, तुझ्या डोळ्यांना कदाचित कळणारही नाही. अक्का म्हणाली, ‘नाही दिसला तर नाही दिसला म्हणेन. पण खऱ्याकडे बघून म्हणेन.’

९. तरी विनंती अशी की,

एक, येत्या एखाद्या निरभ्र संध्याकाळी दुर्बिणीचे बोल्ट काढून घुमटाची फट उघडण्यात यावी. शनी लवकरच मावळतीच्या उजेडात बुडणार असल्याने या विनंतीवर समिती नेमू नये. पाना नसल्यास अर्जदाराकडे आहे.

दोन, ती संध्याकाळ सर्वांसाठी खुली असावी. एकट्या अक्कासाठी नको, तिला ते आवडणार नाही. ज्यांना रुंद कडे हवे असेल त्यांच्यासाठी टाकी आहेच, तिला दुर्बीण लागत नाही, रस्त्यावरूनही दिसते.

तीन, ढग आले तर लोकांना पायऱ्यांवर बसू द्यावे.

बिल्ला परत मिळावा अशी अर्जदाराची मागणी नाही. त्याला आत घेऊ नये अशी साहेबांची अट असेल तर तीही मान्य आहे, तो अक्काला फाटकापर्यंत आणून सोडेल आणि तिथेच थांबेल. तिला स्टुलावर चढवायला गणिताच्या बाई समर्थ आहेत. फक्त अक्का उतरेल तेव्हा तिचा चेहरा कसा होता, एवढे बाईंनी फाटकापाशी येऊन सांगावे. ती निराश होऊन आली तरी चालेल. तसेच सांगावे.

आकाशाला आणि आपणांस नम्र,

(सही)
अर्जदार
शिंपी, स्टुलावरचा स्वयंसेवक (कमी केलेला)

दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे.

सोबत :
१) बिल्ला, सरळ केलेल्या पिनेसह.
२) पालीविषयक परिपत्रकाची प्रत.
३) अक्काच्या डॉक्टरांची चिठ्ठी.

ता. क. — अर्ज खिडकीवर देताना बाहेर पाहिले. एकही ढग नाही. टाकीवरचे दिवे लागले आहेत आणि पाल कामावर हजर आहे.